चिठ्ठी नसलेल्या बाटल्या

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे, फक्त मधले हशे आणि चहाची घोषणा गाळली आहे.)



या व्यासपीठावर मी यापूर्वी एकदाच आलो होतो. आठवीत असताना खिडकीची काच फोडली म्हणून. तेव्हाही सगळी शाळा समोर होती आणि आजच्यासारखेच पाय थरथरत होते. फरक इतकाच की आज हातात माईक दिला आहे आणि पाठीमागे छडी नाही.

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, माझ्याआधी डॉक्टर बोलणार, तहसीलदार बोलणार, मी काय बोलू? मी गॅरेजवाला माणूस." तर तिकडून उत्तर आलं, "तुझ्या कामातलंच काहीतरी सांग." म्हणून कामातलंच सांगतो. विषय तुम्हाला विचित्र वाटेल. जुन्या बाजारातून ट्रकचं इंजिन आणलं आणि त्याच्यावर आपल्या ओळखीचे नसलेले सेन्सर निघाले, तर ते ओळखायचे कसे? हसू नका. या एका प्रश्नात माझी एक मोठी चूक आहे आणि आपल्या शाळेत शिकलेले दोन-तीन धडे आहेत. चूक आधी सांगतो.

दहावीनंतर मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि हायवेच्या कडेला एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. त्या काळी ट्रकच्या इंजिनावर वायरी किती? हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. स्टार्टर, डायनामो, पाण्याच्या तापमानाचा काटा, ऑइलचा काटा, ऑइलचा बल्ब. संपलं. डिझेल किती सोडायचं ते पंप ठरवायचा, सगळं गिअर, स्प्रिंग आणि गव्हर्नरवर. त्या सामानाला आम्ही 'मायको' म्हणायचो. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात.

पुढे मी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्याच सुमाराला आपल्याच वर्गातल्या एका मित्राने कर्ज काढून ट्रक घेतला. मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. तो आज इथे बसला आहे. त्याला विचारूनच मी हे सांगतो आहे, पण नाव घेणार नाही. त्याच्या ट्रकचं इंजिन गेलं. नवं परवडणारं नव्हतं. म्हणून जुन्या बाजारातून त्याच जातीचं एक इंजिन आणलं. मुंबईचा कुर्ल्याचा बाजार काय किंवा आपल्याकडचे भंगारवाले काय, इंजिन असंच मिळतं. गाडीतून काढताना वायरी कटरने कापलेल्या, वीतभर शेपट्या लोंबत असलेल्या, वर काळ्या तेलाचा थर. कुठली वायर कुठे जात होती हे सांगणारं कोणी नसतं.

त्या इंजिनाच्या ऑइल गॅलरीवर एक डबी होती, साधारण चहाच्या छोट्या कपाएवढी. आमच्या जुन्या इंजिनावर दोन वेगळे नग होते, एक काट्याचा आणि एक बल्बचा. या डबीवर एकाच ठिकाणी दोन टोकं. मी कधी पाहिली नव्हती. गाडी उभी होती, मित्र दारात उभा होता, हप्ता तोंडावर आला होता. मी म्हटलं, दोन वायरी आहेत, दोन टोकं आहेत, लावून टाकू. अंदाजाने लावल्या.

इंजिन चालू केलं. ऑइलचा काटा एकदम टोकाला गेला, पार फुल्ल. मी म्हटलं, बघ, इंजिन किती तगडं मिळालं! फक्त एक खटकत होतं. ऑइलचा लाल बल्ब विझायचा नाही. मंद मंद जळत राहायचा. काटा फुल्ल दाखवतोय म्हणजे प्रेशर आहेच, बल्बच खराब असणार, असं ठरवून मी काय केलं? बल्ब काढून खिशात टाकला.

आज कुठलाही शिकाऊ पोरगा सांगेल की मी काय करून ठेवलं होतं. त्या डबीच्या एका टोकाशेजारी 'जी' अक्षर कोरलेलं होतं आणि दुसऱ्याशेजारी 'डब्ल्यू के'. मी तेल पुसून वाचलंसुद्धा नव्हतं. 'जी' म्हणजे गेज, काट्याचं टोक. तिथे दाबाप्रमाणे रेझिस्टन्स बदलतो, दाब नसताना साधारण १० ओहम, पूर्ण दाबाला साधारण १८० ओहम. 'डब्ल्यू के' म्हणजे धोक्याचा संपर्क, नुसता स्विच. दाब अगदी तळाला गेला की जोडला जातो, एरवी उघडा. मी काट्याची वायर स्विचवर लावली आणि बल्बची वायर काट्याच्या टोकावर. इंजिन चालू झालं की स्विच उघडायचा. उघडा म्हणजे रेझिस्टन्स अमर्याद, म्हणून काटा टोकाला. प्रेशर चांगलं असो की जेमतेम असो, काटा फुल्लच. आणि बल्बला मात्र त्या बदलत्या रेझिस्टन्समधून थोडा करंट मिळत होता, म्हणून तो मंद जळत होता. म्हणजे त्या गाडीत खरं बोलू पाहणारा एकटा बल्ब होता, आणि त्यालाच मी खिशात घातलं.

तीन महिन्यांनी माझा मित्र रात्री पुण्याहून माल भरून येत होता. आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा, पण येताना घाट चढावा लागायचा. भरलेली गाडी, चढ, तापलेलं इंजिन. ऑइल तापून पातळ होतं, बेअरिंग झिजलेली असतील तर अशा वेळी दाब उतरतो. काटा खरा असता तर तो हळूहळू खाली आलेला दिसला असता. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली असती, इंजिन बंद केलं असतं. पण काटा शेवटपर्यंत फुल्ल होता. तो खाली पडला तेव्हा इंजिन जाम झालेलं होतं.

बेअरिंग आधीच झिजलेली होती, हे खरं. जुनं इंजिन म्हणजे नशिबाचा खेळ, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. मित्रालाही तेच सांगितलं. हप्ते थकले, ट्रक गेला. त्यानंतर आठ वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मी त्याच्या मुलीच्या बारशाला गेलो, त्याच्या वडिलांच्या तेराव्याला गेलो, पण ही गोष्ट बोललो नाही. गाडी टो करून आणल्यावर वायरिंग काढताना मला ती दोन अक्षरं दिसली होती. दिसल्यावर मी काय केलं माहिती आहे? पुन्हा तेलाचा बोळा फिरवला.

आता शाळेकडे येतो.

आपल्या प्रयोगशाळेत कपाटाच्या खालच्या खणात काही बाटल्या असायच्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या. आपल्याला शास्त्र शिकवणारे सर आज समोर बसले आहेत, त्यांना आठवत असेल. आमच्यातला एक जण अशी बाटली उघडून वास घ्यायला गेला तेव्हा सरांनी त्याचा हात धरला होता. सर म्हणाले होते, चिठ्ठी नसलेल्या बाटलीत पाणीच आहे असं ज्याला वाटतं, त्याने प्रयोगशाळेत येऊ नये. मग त्यांनीच ती ओळखायची कशी ते दाखवलं. आधी नुसतं बघायचं. मग लिटमस. मग एक थेंब, दोन थेंब. आणि प्रत्येक पायरीला वहीत नोंद. सर, तेव्हा मला तो तास कंटाळवाणा वाटला होता. आज माझं अर्धं गॅरेज त्या तासावर चालतं.

कारण आता इंजिनावर वायरीच वायरी आहेत. २०१७ च्या १ एप्रिलपासून देशभर बीएस-४ आणि २०२० च्या १ एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं. धूर कमी करायचा तर डिझेल मोजून-मापून सोडायला हवं, आणि मापायचं तर सेन्सर हवेत. सगळ्या सेन्सरच्या वायरी एका पेटीत जातात, तिला आम्ही ईसीएम म्हणतो. डॉक्टर मित्रांना सांगायचं तर सेन्सर म्हणजे थर्मामीटर, बीपीचं यंत्र आणि स्टेथोस्कोप. ईसीएम म्हणजे डॉक्टर. आता विचार करा, डॉक्टर हुशार आहे, पण त्याच्या हातात दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट आहे. काय होईल?

मागच्या हंगामात तोच मित्र पुन्हा माझ्या दारात आला. त्याने परत हिंमत करून कर्ज काढून ट्रक घेतला होता, कॉमन रेलचा, सहा सिलिंडरचा. पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापलं, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. कारखाने सुरू झालेले, ऊस वाहतुकीचा करार केलेला, आणि गाडी उभी. त्याने जुन्या बाजारातून त्याच घराण्यातलं इंजिन आणलं होतं. पावती होती, इंजिन नंबर स्वच्छ होता. हे सांगून ठेवतो, पावती आणि नंबर नसेल तर फुकटसुद्धा घेऊ नका, कारण इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. ईसीएम मात्र नव्हता, तो बाजारात वेगळा विकला जातो. म्हणजे इंजिन परकं आणि डॉक्टर आपल्या गाडीचा.

इंजिन उतरवलं आणि तो माझ्याकडे बघत उभा राहिला. तीच जागा, तसंच इंजिन, कापलेल्या तशाच शेपट्या. मी पाना खाली ठेवला. म्हटलं, आधी बस. तुला एक सांगायचंय. आणि ती 'जी' आणि 'डब्ल्यू के'ची गोष्ट त्याला सांगितली. खिशातल्या बल्बसकट.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बल्ब नाहीये हे मला माहीत नव्हतं होय? गाडी मीच चालवत होतो की. पहिल्याच दिवशी बघितलं. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस." एवढंच. मग म्हणाला, "या खेपेला घाई करू नकोस. माझी घाई मी बघतो."

मित्रांनो, हप्ता डोक्यावर असताना असं म्हणणं सोपं नसतं.

आम्ही पहिलं काम केलं ते फोटो काढण्याचं. इंजिन धुण्याआधी. वायर कुठून वळली आहे, कुठल्या क्लिपमधून गेली आहे, हे धुतल्यावर कळत नाही. मग प्रत्येक नगावर जाड कागदाची चिठ्ठी बांधली आणि आकडा टाकला, १ ते ९. नावं टाकायची नाहीत, फक्त आकडे. नाव एकदा लिहिलं की मन तेच खरं धरून चालतं.

मग लिटमस, म्हणजे जागा बघायची. सेन्सर कुठे बसवला आहे त्यावरून तो काय मोजत असेल याचा निम्मा अंदाज येतो. थर्मोस्टॅटजवळ असेल तर पाण्याचं तापमान. ऑइल गॅलरीवर असेल तर ऑइलचा दाब. हवेच्या मॅनिफोल्डवर असेल तर टर्बोने भरलेल्या हवेचा दाब आणि बहुधा तापमानही. दातेरी चाकासमोर असेल तर क्रँकची नाहीतर कॅमची गती. रेलच्या टोकाला असेल तर डिझेलचा दाब. डिझेल फिल्टरच्या तळाला दोन टोकांचा नग असेल तर तो डिझेलमध्ये साचलेलं पाणी ओळखतो. बीएस-६ गाडी असेल तर सायलेन्सरच्या बाजूला आणखी गर्दी. वायरीला छोटी पेटी चिकटलेली असेल तर नॉक्सचा सेन्सर, दोन नळ्या येत असतील तर काजळीच्या फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजणारा.

त्यानंतर टोकं मोजायची. एक टोक असेल तर अर्थ इंजिनाच्या अंगातूनच, म्हणजे बहुतेक साधा स्विच किंवा काट्याचा नग. दोन टोकं असतील तर तापमानाचा किंवा गतीचा. तीन असतील तर बहुधा पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल, म्हणजे दाबाचा किंवा हॉल जातीचा गतीचा. चार असतील तर दाब आणि तापमान एकत्र. मी 'बहुधा' म्हणतोय, लक्षात घ्या. लिटमस लाल झाला म्हणजे आम्ल आहे एवढंच कळलं, कुठलं आम्ल ते नाही.

मग एकेक थेंब. इथे मल्टीमीटर लागतो, डिजिटलच. बल्बला दोन वायरी लावून टोचत फिरायची आमची जुनी सवय ईसीएमच्या वायरींवर चालत नाही. बल्ब जास्त करंट ओढतो आणि आतलं सर्किट जाऊ शकतं. दोन टोकांचे नग आम्ही मीटरवर घेतले. एकाचा रेझिस्टन्स भरला १७०० ओहमच्या आसपास. हाताच्या मुठीत धरला, आकडा उतरायला लागला. तापमानाचा, हे नक्की. मग घरून चहाचं पातेलं आणि थर्मामीटर मागवला. नुसतं टोक पाण्यात बुडवायचं, कपलर कोरडा ठेवायचा. पाणी तापत गेलं तसा आकडा पडत गेला, ८० अंशांना साधारण ३२० ओहम. बॉशच्या बऱ्याच सेन्सरचा हाच हिशोब असतो, २० अंशांना अडीच हजार, १०० अंशांना १८६ च्या आसपास. माझा पोरगा वहीत आलेख काढत होता. ते चहाचं पातेलं परत घरात घेतलं गेलेलं नाही, ते आता गॅरेजचं आहे.

दुसरा दोन टोकांचा नग ९०० ओहमच्या जवळ, मुठीत धरला तरी जवळजवळ हललाच नाही. मीटर एसी मिलिव्होल्टवर घेतला आणि त्याच्यासमोरून पाना झपकन फिरवला. आकडा उडाला. आत चुंबक आणि कॉइल. आपल्याला नववी-दहावीत चुंबक आणि कॉइलचा प्रयोग होता, गॅल्व्हानोमीटरचा काटा हलायचा, तोच हा प्रयोग. क्रँकचा सेन्सर ओळखला. पंपावरचा एक नग दिसायला सेन्सरसारखाच, पण रेझिस्टन्स जेमतेम ३ ओहम. एवढा कमी म्हणजे ती जाड तारेची कॉइल. तो सांगणारा नव्हे, करणारा. पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह. सेन्सर समजून त्याच्या वायरी दुसरीकडे लावल्या असत्या तर गाडी चालूच झाली नसती.

ईसीएमला तापमान कळतं कसं, तेही सांगतो, गणिताच्या बाईंना आवडेल. ईसीएमच्या आत एक ठरलेला रेझिस्टर असतो, बाहेर सेन्सरचा बदलता. दोघांना मिळून पाच व्होल्ट. दोन भावांत पाच एकरांची वाटणी, ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याला जास्त. सेन्सरच्या वाट्याला किती आले त्यावरून ईसीएम तापमान काढतो. वायर तुटली तर सगळे पाच व्होल्ट दिसतात. ईसीएम लगेच ओळखतो की हे अशक्य आहे, आणि दिवा लावतो. म्हणून तुटलेला सेन्सर परवडतो. पण चुकीचा सेन्सर पटण्यासारखं खोटं बोलतो, आणि ते ईसीएमलाही ओळखता येत नाही.

हे मी सांगतोय कारण आमच्या चिठ्ठी क्रमांक ७ चं नेमकं तेच होतं.

क्रमांक ७ रेलच्या टोकावरचा. तीन टोकं. कपलर आपल्या गाडीच्या कपलरमध्ये टक्कन बसला. चावी ऑन केली, पाच व्होल्ट आले, सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट. दाब शून्य असताना जेवढा हवा तेवढाच. जुन्या इंजिनावरच्या सेन्सरचा सिग्नलही तेवढाच. जागा जुळली, टोकं जुळली, मीटर जुळला. माझा हेल्पर म्हणाला, "झालं, लावा." रात्रीचे दहा वाजले होते. मित्र बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. सकाळी गाडी उसाला निघू शकली असती.

एकच पायरी उरली होती. तेल पुसून अक्षरं वाचायची. या वेळी मी बोळा उलट कामाला लावला. पॅराफिनने पुसलं, बॅटरी मारली. बॉशच्या सामानावर दहा आकडी नंबर असतो. ०४४५ ने सुरू झाला की कॉमन रेलचा पंप, रेल किंवा इंजेक्टर. ०२८१ ने सुरू झाला की डिझेलचं इलेक्ट्रॉनिक सामान, त्यात सेन्सर आले. सुरुवात दोघांचीही ०२८१. शेवटचे आकडे वेगळे.

सकाळी अधिकृत विक्रेत्याला दोन्ही नंबर दिले. आपल्या गाडीचा सेन्सर १५०० बारपर्यंत मोजणारा, आणलेल्या इंजिनावरचा १८०० बारपर्यंत. ते इंजिन नंतरच्या मॉडेलचं होतं.

आता त्रैराशिक मांडा. दोन्ही सेन्सर अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत जातात. एकाचे साडेचार म्हणजे १५००, दुसऱ्याचे साडेचार म्हणजे १८००. आपल्या ईसीएमला १५०० चंच गणित शिकवलेलं आहे. रेलमध्ये खरे १२०० बार झाले की हा परका सेन्सर जो व्होल्टेज देतो, त्याचा अर्थ आपला ईसीएम १००० लावतो. म्हणजे ईसीएम हजार मागणार आणि रेलमध्ये बाराशे भरणार. कायम वीस टक्के जास्त. उभ्या गाडीत दोघं सारखेच बोलत होते, फरक पडणार होता तो लोड आल्यावर. आणि कुठलाही दिवा लागला नसता, कारण ईसीएमच्या दृष्टीने सगळं बरोबर चाललं असतं. काटा फुल्ल असल्यासारखं.

मित्राला सांगितलं, आज गाडी जाणार नाही. नुसता सेन्सर बदलून भागणार नव्हतं. पंप, रेल, इंजेक्टर हे सगळं त्या ईसीएमच्या गणितातलं हवं. त्याच्या फुटलेल्या इंजिनावरचं ते सामान शाबूत होतं. ते उतरवलं, पंपवाल्याकडे तपासून घेतलं आणि नव्या इंजिनावर चढवलं. हाय-प्रेशरच्या नळ्या नव्या आणल्या, कारण एकदा आवळून बसलेल्या नळ्या पुन्हा वापरणं म्हणजे गळतीला आमंत्रण, आणि तिथली गळती हाताने शोधणाऱ्याचं बोट डिझेलची धार कापून काढते. यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत त्याने मला एकदाही "कधी होणार?" असं विचारलं नाही. मुकादमाचे फोन आले की उठून बाहेर जायचा, बोलायचा, परत येऊन बसायचा.

चौथ्या दिवशी पहाटे इंजिन चालू झालं. ऑइलचा दाब मी गाडीच्या काट्यावर बघितला नाही. ब्लॉकवर वेगळा मेकॅनिकल गेज लावून खरा दाब बघितला, मग गाडीचा काटा त्याच्याशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले, तेव्हा गेज काढला. मग चावी ऑन केल्यावर सगळे दिवे लागतात का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतात का, ते मित्राला स्वतः मोजायला लावलं. तो म्हणाला, "सगळे आहेत. खिसे दाखव." मी खिसे उलटे करून दाखवले.

गाडी त्या हंगामात शेवटच्या फेरीपर्यंत चालली. अजून चालते. आज तो त्याच गाडीने येणार होता, पण शाळेच्या फाटकातून आत येत नाही म्हणून बाहेर लावली आहे.

एक राहिलं. नऊ चिठ्ठ्यांपैकी आठ आम्ही ओळखल्या. क्रमांक २ शेवटपर्यंत कळला नाही. थर्मोस्टॅटजवळचा दुसरा नग, तापमानाचाच, पण पाण्यातले आकडे आमच्या कुठल्याच तक्त्यात बसेनात, आणि आपल्या गाडीच्या वायरिंगमध्ये त्याच्यासाठी कपलरच नव्हता. लोक म्हणाले, काढून टाक आणि बोल्ट मार. दुसरे म्हणाले, काट्याला लावून बघ. आम्ही काहीच केलं नाही. कपलरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून झाकण लावलं, चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून तशीच ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, 'माहीत नाही, जोडू नये'. पुढचा जो कोणी मिस्त्री ते बॉनेट उघडेल, त्याच्यासाठी. आमच्या धंद्यात 'माहीत नाही' म्हटलं की गिऱ्हाईक पळतं असं मला वीस वर्षं वाटत होतं. अनुभव उलटा आहे. पण हे कळायला एक ट्रक गेला, आणि तो माझा नव्हता.

शेवटचं. मुख्याध्यापक सर, मी प्रयोगशाळेसाठी एक लाकडी फळी आणली आहे. तिच्यावर गॅरेजमधले जुने, निकामी गाड्यांवरचे पण चालू स्थितीतले सेन्सर बसवले आहेत. पाण्याचा, ऑइलचा, हवेचा, क्रँकचा, रेलचा. सोबत दोन डिजिटल मीटर आणि एक पातेलं, नवं. प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर आकडाच आहे, नाव नाही. नावांचा कागद बंद पाकिटात शास्त्राच्या बाईंकडे दिला आहे. मुलांनी आधी मोजावं, वहीत लिहावं, मग पाकीट उघडावं. दहावीच्या मुलांना बघायचं असेल तर गॅरेज रविवारी दुपारनंतर रिकामं असतं. पोरांना घेऊन या, मुलींनाही आणा. चहा माझ्याकडे. त्या जुन्या पातेल्यात नाही करणार.

आणि सर, ती काच मीच फोडली होती. त्या दिवशी या व्यासपीठावर मी दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं. तोही आज आला आहे. तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि त्याची गाडी फाटकाबाहेर उभी आहे.